पश्मी कोणाच्या दारात शोभेल?

नांदेड-लातूरकडे कुत्रं घ्यायला निघालेल्या माणसाला "कसलं पाहिजे?" असं विचारलं की साधारण दोनच उत्तरं मिळतात. एकाला राखण करणारं, अंगावर धावून जाणारं हवं असतं; त्याचं जर्मन शेफर्ड नाही तर रॉटवायलरवर भागतं. दुसऱ्याला देखणं हवं असतं, आणि देखणं म्हणजे लोंबते कान, कानांवर रेशमी केस, झालरीची शेपूट. हा दुसरा माणूस बहुधा कॉकर स्पॅनियलपाशी येऊन थांबतो. ज्याच्या हाताशी पैसा जास्त आणि रात्री मोबाईल बघायला वेळही जास्त, तो आणखी पुढे जातो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स, स्प्रिंगर, क्लंबर अशी नावं घेऊ लागतो. क्लंबर, फील्ड आणि ससेक्स ही स्पॅनियलं खुद्द ब्रिटनमध्येच विरळ झाली आहेत. वर्षाला ३०० पेक्षा कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या स्वदेशी जातींची एक यादी तिथलं केनेल क्लब ठेवतं, आणि ही तिन्ही नावं त्या यादीत आहेत. शिवाय प्रजननासाठी परदेशी कुत्री आणण्यावर आपल्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले. तेव्हा चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या गावात क्लंबर आणण्याचा बेत बहुतेकदा बोलण्यातच राहतो, आणि राहतो तेच बरं.

गंमत अशी की केसाळ कान, झालरीची शेपूट आणि दुर्मीळपणा हे तिन्ही एकाच अंगावर पाहायचे असतील तर लातूरहून तासाभराच्या आत ते पाहता येतात. चाकूर तालुक्यातल्या जानवळचं नाव कुत्र्यांच्या शौकिनांत निघतं ते कारवान आणि पश्मी यांच्यामुळेच. कारवान म्हणजे उंच, सडपातळ, खोल छातीचा, आत ओढलेल्या पोटाचा, नजरेने सावज हेरून धावणारा शिकारी कुत्रा. त्याच्या अंगावरचे केस आखूड आणि गुळगुळीत असतात. पश्मी बांध्याने त्याच्यासारखाच, पण कानांवर, पायांच्या मागच्या बाजूला आणि शेपटीखाली लांब मऊ केस उतरलेले. तो स्पॅनियल नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. स्पॅनियल नाकाने काम करतो, झुडपातून पाखरू उठवतो आणि मालकाच्या पायांत घोटाळतो. पश्मी डोळ्याने काम करतो आणि मालकापासून दूर धावतो. दिसण्यातल्या साम्यावर भाळून जो पश्मी आणतो त्याची पहिल्या सहा महिन्यांतच फजिती होते. या लेखाचा सगळा प्रश्न त्या फजितीभोवतीच आहे: हा कुत्रा नक्की कोणी पाळावा, आणि पाळला तर कसा?

या कुत्र्यांच्या पूर्वजांबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाणारी हकीकत म्हणजे ते मध्य आशिया, इराण, अफगाणिस्तानकडून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आणि फौजांबरोबर दख्खनेत उतरले. सालुकी आणि ताझी या तिकडच्या जातींशी असलेलं अंगाचं साम्य पाहिलं तर ही गोष्ट पटते. कागदाचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. नांदेड आणि आजच्या लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. घोडे, फौज, शिकार यांना जिथे मान असतो तिथे धावणारी कुत्री टिकून राहतात, आणि संस्थानी मुलखात हा मान होता. खालच्या अंगाला, आजच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळला, घोरपडे राजांनी याच कुत्र्यांना आश्रय दिला. मालोजीराव घोरपडे यांनी जातीची जोपासना केली आणि पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली, ही हकीकत मुधोळकडे अजून अभिमानाने सांगतात.

राजाचं नाव लागलं की काय होतं ते पुढच्या शंभर वर्षांत दिसलं. २००५ मध्ये टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र उभं राहिलं. २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं सैन्याच्या मेरठ केंद्रात प्रशिक्षणाला गेली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने कुत्र्यांच्या जातींची नोंद सुरू केली तेव्हा राजपालयम आणि चिप्पीपराई यांच्या जोडीला पहिल्या तिघांत मुधोळ बसला. ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळा असं सांगताना मुधोळचंही नाव घेतलं. यात मुधोळकरांचा दोष काही नाही. त्यांनी काम केलं आणि त्यांना त्याचं फळ मिळालं. पण त्याच रक्ताचा मराठवाड्यातला केसाळ भाऊ या सगळ्या वरातीत कुठे दिसला नाही. मेजर वि. वा. सोमणांसारख्या जुन्या जाणकाराने १९६३ च्या 'द इंडियन डॉग' या पुस्तकात देशी जातींची दखल घेतली, थिओडोर भास्करन यांनी २०१७ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन डॉग्ज'मध्ये घेतली. बाकी पश्मी जगला तो शेतकऱ्यांच्या आखाड्यांवर, तोंडी वंशावळींच्या आधाराने.

कागदाचा घोटाळा इथेच सुरू होतो. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याला कारवान हाउंड म्हणून ओळखतं, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. त्यामुळे "कागदवाला मुधोळ" आणि "कागदवाला कारवान" या दोन वेगळ्या जाती आहेत असं समजून माणसं वाद घालतात. गावाकडच्या बहुतेक कुत्र्यांना तर दोन्हींपैकी एकही कागद नसतो. माझं मत विचाराल तर पश्मीच्या बाबतीत कागद नसणं हा मोठा दोष मानू नये. पण आई न दाखवणं हा मोठा दोष मानावा.

आईवरून आठवलं. आखूड केसांच्या कारवान कुत्रीच्या पोटी केसाळ पिल्लू निघालं की घेणारा लगेच शंका काढतो, "यात काहीतरी भेसळ आहे." भेसळ असेलही, पण असायलाच हवी असं नाही. कुत्र्यांत लांब केसांचा गुण बहुधा दबून राहणारा असतो. आई आणि बाप दोघेही गुळगुळीत दिसत असले, पण दोघांच्याही रक्तात तो गुण लपलेला असला तर एखाद-दुसरं पिल्लू केसाळ निघू शकतं. उलट दोन्ही आईबाप केसाळ असतील तर पिल्लं केसाळच निघायला हवीत. तिथे निम्मी पिल्लं गुळगुळीत निघाली तर बापाची चौकशी करायला हरकत नाही. दुसरी अडचण म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाच्या अंगावर झालर उतरलेलीच नसते. खरे केस यायला वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणून पिल्लाच्या लवीपेक्षा आईबापाचे कान पाहावेत. आणि खरी भेसळ होते ती केसांसाठी नव्हे, वेगासाठी: शर्यतीच्या नादात ग्रेहाउंड घालून. अशी पिल्लं धावतात झकास, पण माळरानावरचा कणखरपणा आणि जातीचा चेहरा दोन्ही हळूहळू पातळ होतात. उत्तर प्रदेशातल्या रामपूर हाउंडचं याच वाटेने काय झालं ते श्वानप्रेमींना ठाऊक आहे.

आता मुद्द्याचा, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड भाग. पश्मीची घडण शिकारीसाठी झालेली आहे आणि शिकार गुन्हा आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. वन्य प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, तसा प्रयत्न करणं हेही त्या व्याख्येत बसतं. तरीही मराठवाड्यात हरणांचे कळप, रोही आणि रानडुकरं सोयाबीन-हरभऱ्यात घुसतात तेव्हा "सोडा की कुत्रं" हे वाक्य बांधावर सहज ऐकू येतं. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. एका रात्रीत एकराचा हरभरा साफ झालेला असतो. पण काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुत्र्याने ते पाडलं तर जबाबदार मालक धरला जातो. रानडुकरासमोर तर हा पातळ कातडीचा कुत्रा एका सुळ्यात पोटातून फाटतो. ससा पकडून आणला म्हणून कौतुकाने मोबाईलवर फोटो फिरवणारे महाभाग मी पाहिले आहेत. पुरावा स्वतःच तयार करून वाटायचा, यापुढे काय बोलावं?

मग या कुत्र्याने करायचं काय? हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने पश्मी घेऊच नये. शिकारीवाचून शिकारी कुत्रं ठेवणं शक्य आहे, जगभरात सालुकी आणि ग्रेहाउंड घरांत राहतातच. पण त्याच्या धावण्याची सोय करावी लागते. रोज साखळीला धरून अर्धा तास फिरवणं ही सोय नव्हे. कुंपण असलेलं दोन-तीन एकर मोकळं रान आणि त्यात दोन-चार वेळा जीव तोडून धावणं ही खरी सोय. कोरडवाहू शेतकऱ्याकडे रब्बी निघाल्यापासून पेरणीपर्यंत रिकामं वावर असतंच. लांब दोरीला फडकं बांधून ते फिरत्या चाकावर ओढलं की पश्मी त्यामागे सशामागे धावावं तसा धावतो, आणि कोणाचा जीव जात नाही. परदेशात याचे रीतसर खेळ होतात. आपल्याकडे जुन्या मोटारसायकलचं चाक आणि दीडशे फूट नायलॉनची दोरी असली की भागतं. मैल-दोन मैल पळवण्याची गरज नाही. हा लांब पल्ल्याचा धावक नव्हे, झेपेचा आहे. पाच मिनिटं वाऱ्यासारखा धावेल आणि उरलेला दिवस बाजेखाली झोपून काढेल.

हा झोपाळूपणा ऐकून फ्लॅटवाले खूश होतात. नांदेडला तरोडा, लातूरला औसा रोड अशा भागांत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणारी घरं म्हणतात, "झोपतोच ना, मग काय हरकत?" हरकत आहे. सोसायटीला कुत्रं पाळू नका असं सरसकट सांगता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. तेव्हा अडचण कायद्याची नाही. ज्या दिवशी धावायला मिळत नाही त्या दिवशी ही जात भुंकत नाही, दारं कुरतडते, गादी फाडते, नाही तर उदास होऊन अन्न सोडते. आणि जिन्याचं दार एकदा उघडं राहिलं की संपलं. पश्मीची नजर काही हललेलं टिपते आणि पाय निघतात. मागून मारलेली हाक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. हे शिस्तीचं अपयश समजू नये. शेकडो पिढ्या त्याला मालकाच्या हुकमाविना, दूरवर, स्वतःच्या अकलेने काम करायला निवडलं गेलं आहे. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा आणि नांदेड ही सगळी गावं एकाच राष्ट्रीय महामार्गावर, ३६१ वर आहेत, आणि तो आता चौपदरी आहे. रस्त्यालगतच्या घरात पश्मी मोकळा ठेवणं म्हणजे त्याचा दिवस ठरवून ठेवणं.

शोभतो तो कोणाला? ज्याचा आखाडा गावापासून दूर आहे, आखाड्यावर सालगडी किंवा घरचं कोणी कायम राहतं, वावराला तारेचं नव्हे, जाळीचं कुंपण घालायची तयारी आहे, त्याला. काटेरी तार पश्मीसाठी वाईट. वेगात घुसला की कातडी कागदासारखी फाटते, टाके घालायला रात्री उदगीर किंवा लातूर गाठावं लागतं. कुंपण माणसाच्या डोक्याइतकं उंच हवं. कमरेएवढी भिंत तो उभ्या उभ्या ओलांडतो. शहरात ऐसपैस अंगण असलेलं घर, आणि रोज पहाटे गाडीवरून मोकळ्या रानात नेण्याची चिकाटी असलेला माणूस असेल तरी जमतं. पण ही चिकाटी दहा-बारा वर्षं टिकवायची आहे. मुलगा दहावीला आहे म्हणून या वर्षी जमणार नाही, ही सबब कुत्र्याला कळत नाही.

घरात कोंबड्या, शेळीची करडं, मांजर असेल तर पिल्लू लहान असतानाच त्यांच्यात वाढवावं. तरीही मोठं झाल्यावर धावत्या कोंबडीवर त्याचा भरवसा धरू नये. स्वभावाने पश्मी राखीव. पाहुण्याच्या अंगावर उड्या मारणार नाही, शेपूट हलवत प्रत्येकाकडे जाणार नाही. अनोळखी माणसाने एकदम डोक्यावर हात ठेवलेला त्याला आवडत नाही. मारून, ओरडून शिकवू गेलात तर तो मालकाला कायमचा टाळू लागतो. ज्यांना लाडीगोडी करणारं कुत्रं हवं आहे त्यांनी कॉकरच घ्यावा, हे मी मनापासून सांगतो. राखणीसाठी हवा असेल तरी पश्मी नको. तो येणारा सर्वांत आधी पाहील, कदाचित भुंकेलही, पण चोराची तंगडी धरणं हा त्याचा पिंड नव्हे. आखाड्यावर केवळ राखणच हवी असेल तर गावरान कुत्र्याच्या दोन पिल्लांना लस टोचून पोसावं. फुकट मिळतात आणि पश्मीपेक्षा जास्त जागी राहतात.

कॉकरची बाजू मांडली तशी त्याची दुखणीही सांगायला हवीत. लोंबत्या, जड, आतून केसाळ कानात हवा जात नाही. पावसाळ्यात कान ओलसर राहतो, वास मारतो, पू होतो, आणि हे दुखणं एकदा जडलं की वर्षानुवर्षं पुरतं. कॅव्हेलियरच्या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार इतका पसरलेला आहे की परदेशातले जबाबदार पैदासकार हृदय तपासल्याशिवाय जोडी लावत नाहीत. आखूड तोंडामुळे उन्हाळाही त्याला सोसत नाही. पश्मीचे कान केसाळ असले तरी पातळ आणि हलके असतात, म्हणून ही पीडा त्याला कमी होते. त्याची पीडा वेगळी: कुसळं. आपल्या माळावरचं कुसळी गवत दिवाळीच्या आसपास वाळायला लागलं की त्याच्या टोकदार बिया पश्मीच्या झालरीत, बोटांच्या फटीत आणि कानाच्या तोंडाशी अडकतात. कुसळ एका दिशेनेच सरकतं, आत. बोटांत घुसलं की गळू होतं, कानात गेलं की कुत्रं डोकं झटकत फिरतं. सराट्यांचीही तीच तऱ्हा. त्या दोन-तीन महिन्यांत रोज संध्याकाळी बोटं फाकवून, कान उलटून, झालर विंचरून पाहणं हे काम टाळता येत नाही. ज्याला ते नको त्याने सरळ गुळगुळीत कारवान घ्यावा. धाव तीच, त्रास निम्मा. हौशी लोक पायाची झालर कातरून टाकतात. शोभा जाते खरी, पण मला त्यात गैर वाटत नाही.

आंघोळीचा अट्टहास करू नये. रुंद दातांची फणी आणि हाताने फिरवलेलं ओलं फडकं एवढ्यावर हे केस स्वच्छ राहतात. महिना-दीड महिन्याने एखादी आंघोळ पुरे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना हे पटायला वेळ लागणार नाही. पाऊणशे लिटर पाणी आणि शॅम्पू मागणाऱ्या कुत्र्यांच्या तुलनेत ही या जातीची मोठी बाजू आहे.

उन्हाळ्याबद्दल मात्र एक भ्रम आहे: देशी आहे, सोसतो. सावलीत बसला तर सोसतो. दुपारी धावला तर देशी असूनही मरतो. कुत्र्याला घाम फुटत नाही, धापा टाकूनच तो अंग निववतो. त्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं; धावून ते ४१ च्या वर गेलं की आतली इंद्रियं निकामी व्हायला लागतात. गोदाकाठचं नांदेड उन्हाळ्यात लातूरपेक्षा जास्त तापतं. मार्च ते जून धावणं सूर्य वर यायच्या आत, आणि धावून आल्यावर लगेच पोटभर पाणी-भाकरी नाही. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पोट नगाऱ्यासारखं ताणलं, कुत्रं ओकायला बघतंय पण काही पडत नाही, असं दिसलं तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. थंडीचंही लक्षात ठेवावं. अंगावर चरबी नसलेला हा कुत्रा डिसेंबरच्या रात्री आखाड्यावर कुडकुडतो. त्याला पोत्याचं अंथरूण आणि वाऱ्याचा आडोसा लागतो.

खाण्याचा विषय निघाला की आमच्याकडचं ठरलेलं उत्तर: ज्वारीची भाकरी आणि दूध, नाही तर ताक. मोठ्या कुत्र्याला भाकरी पचते, पण तेवढ्यावर वाढणाऱ्या पिल्लाचे पाय वाकतात. लांब हाडांचं, झपाट्याने वाढणारं हे पिल्लू आहे. त्याला अंडी, उकडलेलं मांस किंवा चांगला तयार आहार पहिलं वर्षभर मिळालाच पाहिजे. घरच्या जेवणावर वाढवायचं तर कॅल्शियमचं प्रमाण पशुवैद्यकाला विचारून ठरवावं. उलट जाणत्यांनाही न कळणारी चूक म्हणजे त्याला "भरवणं". निरोगी पश्मीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतात, दिसायला हवीत. पाहुणे "उपाशी ठेवता का?" असं विचारतील, विचारू द्यावं. कांदा-लसणाची फोडणी घातलेलं उरलंसुरलं, द्राक्षं-मनुका आणि चॉकलेट मात्र त्याच्या ताटात नको.

आखाड्यावरची खरी संकटं दोन: गोचीड आणि विष. गोचिडातून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार येतात. ताप, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, खाणं बंद: यांपैकी एक जरी दिसलं तरी रक्त तपासून घ्यावं, वेळेत उपचार मिळाले तर कुत्रं वाचतं. बैलांना गोचीड मारायचं जे औषध आणून ठेवलेलं असतं ते अंदाजाने कुत्र्यावर ओतू नये, आणि जनावरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचू नये. कुत्र्यांसाठी महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या गोळ्या मिळतात. महाग वाटतात, पण उपचारापेक्षा स्वस्त. विषाचं म्हणाल तर उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाईड, औषध लावलेलं बियाणं आणि कोणीतरी भाकरीत घालून टाकलेलं कीटकनाशक यांनी मराठवाड्यातली किती चांगली कुत्री गेली त्याची कुठे नोंद नाही. पेरणीच्या दिवसांत कुत्रं बांधून ठेवावं. दुखतंय म्हणून माणसांची डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देणं हाही विषप्रयोगच. जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं बसतात.

लसीकरणाबद्दल थोडक्यात: दीड-दोन महिन्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची लस, चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, तीन महिन्यांवर रेबीजची, आणि पुढे दरवर्षी. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येतं. शस्त्रक्रियेची वेळ आली तर डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगावं, "साहेब, हा ग्रेहाउंडसारखा कुत्रा आहे." अंगात चरबी नसल्याने या प्रकारच्या कुत्र्यांना काही जुन्या पद्धतीची भुलीची औषधं जड जातात, शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. बहुतेक डॉक्टरांना हे माहीत असतं. गर्दीच्या दिवशी लक्षात राहीलच असं नाही.

पिल्लू कुठून घ्यावं? लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. तिथे घोडे, गाढवं, लाल कंधारी आणि देवणी जनावरं यांच्याबरोबर कुत्रीही येतात, आणि जिल्हा परिषदेच्या पशुप्रदर्शनात श्वानांचाही वर्ग असतो. वाघ्यांच्या देवाच्या दारात कुत्र्यांचा बाजार भरणं साजेसंच. जातिवंत कुत्रं कसं दिसतं, कसं चालतं, मालक त्याच्याशी कसा बोलतो हे शिकायला माळेगावसारखी शाळा नाही. पण पिल्लू तिथून उचलू नये. धूळ, गर्दी, लस न झालेली शेकडो कुत्री. पार्व्होला याहून सोयीचं ठिकाण नाही. यात्रेत माणूस हेरावा, पत्ता घ्यावा आणि नंतर सावकाश त्याच्या आखाड्यावर जावं. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाच्या आत किंवा आठ वर्षांनंतर वेतात आणता येत नाही, वर्षात एकच वेत घेता येतं, आणि आयुष्यात पाचच. गावात हे नियम ऐकलेले लोक थोडे. तरी हेच प्रश्न विचारावेत: कुत्री किती वर्षांची, कितवं वेत, मागची पिल्लं कुठे दिली? चांगला माणूस न चिडता उत्तरं देतो, आणि उलट तुमचं रान किती, कुंपण आहे का, असं विचारतो. जो उलट काहीच विचारत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

दुर्मीळ आहे म्हणून पाळून वाचवू, असं म्हणणाऱ्यांचा एक वर्ग अलीकडे वाढला आहे. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण पश्मी विरळ झाला तो लोकांनी विकत घेणं थांबवल्याने नव्हे. त्याचं काम गेलं, मोकळी रानं तुटली, आणि उरलेल्या मोजक्या कुत्र्यांत जवळच्या नात्यात जोड्या लागत गेल्या. शहरातल्या पाच बंगल्यांत एकेकटा, साखळीला बांधलेला पश्मी गेला तर जात पाचाने वाढत नाही, पैदाशीतून पाचाने कमी होते. ज्याला खरोखर जातीसाठी काही करायचं आहे त्याने आपल्या कुत्रीच्या पहिल्या माजाच्या आधी वही घालावी: तिची आई, बाप, दोघांची गावं, रंग, केस, आजार, फोटो. जोडी दुसऱ्या तालुक्यातली, नात्याबाहेरची शोधावी. त्रेसष्ट दिवसांनी पाच ते आठ पिल्लं पदरात पडतील. त्यांतल्या प्रत्येकासाठी कुंपणाचं रान आणि पहाटे उठणारा माणूस आधीच ठरलेला नसेल, तर वेत घेऊ नये आणि उदगीरला नेऊन कुत्रीची शस्त्रक्रिया करून घ्यावी.